आम्ही अकोल्याचे लिथुआनियन

पोलंडसरांना शिवी देता येत नसे. शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बगिच्यात वाढलेल्या माणसाला शिवी येऊ नये हे नवलच. तिकडे लोक बैलाशीसुद्धा शिवी हासडल्याशिवाय बोलत नाहीत. पण सरांना तिची गरजच पडली नाही. समोरच्या माणसाला ते एका मेलेल्या देशात नेऊन बसवायचे, आणि जागा अशी नेमकी निवडायचे की त्याला जन्मभर तिथून उठता येत नसे. मी अमरावतीला एम.ए. करत होतो तेव्हा आमच्या कॉलेजात एक नवे प्राचार्य आले. हार घालून घेतले, भाषण केलं, खुर्चीला नवं कापड लावून घेतलं, आणि पुण्याकडे बरी जागा रिकामी झाल्याचं कळताच कोणाला न सांगता निघून गेले. सर वर्गात खडू झटकत एवढंच म्हणाले, "फ्रान्सहून आणलेला राजा." त्या मेलेल्या देशात राजे निवडून आणायची पद्धत होती. फ्रान्समधून हौसेनं आणलेला एक राजा घरचं सिंहासन मोकळं झाल्याचं ऐकून चोरासारखा पळाला होता आणि त्याचे सरदार घोड्यांवरून "महाराज, थांबा" करत मागे धावले होते, हे सरांनी आम्हाला आधीच्याच आठवड्यात शिकवलं होतं. प्राचार्यांचं खरं नाव आज कोणालाही आठवत नाही.

तो देश म्हणजे पोलंड आणि लिथुआनिया यांचं जोडराज्य. दोन राज्यं, एक राजा, एक संसद. पण तिजोऱ्या दोन आणि फौजाही दोन. आपल्याकडे मराठ्यांचं राज्य उभं राहत होतं त्या काळात हा देश युरोपातल्या सगळ्यात मोठ्या देशांपैकी एक होता. पोलिश, लिथुआनियन, आजच्या युक्रेन आणि बेलारूसकडचे लोक, जर्मन, ज्यू, आर्मेनियन, तातार मुसलमान असे सगळे त्यात नांदत होते, म्हणजे भांडत होते. पुढे शेजारच्या तीन सत्तांनी तो वाटून खाल्ला आणि नकाशावरून त्याचं नावही पुसून टाकलं. हा सरांचा विषय. बाकीचे प्राध्यापक युरोप शिकवताना प्रबोधनावरून उडी मारायचे ते थेट फ्रेंच राज्यक्रांतीवर. सर म्हणत, "मधी काय युरोप झोपला होता?"

अमरावतीच्या माणसाला पोलंडचं वेड कशाला, असं एकदा मी विचारलं. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी प्रश्न परत घेण्याच्या बेतात होतो. मग म्हणाले, "आमच्या बगिच्यात संत्र्याचं एक झाड वाळलं तरी माहे वडील मुळाशी खणून पाहात. डिंक्या रोग लागला का, पाणी साचलं का, काहून मेलं? अन् इथं येवढा मोठा देश मेला बाबू, अन् कोणी खणूनच पाहत नाही." सरांनी आयुष्यात पासपोर्ट काढला नाही. पश्चिमेला ते फार तर अकोल्यापर्यंत गेले, आणि त्याचाही त्यांना पस्तावा होता.

देशाची वाटणी शिकवायच्या दिवशी ते वर्गात एक संत्रं घेऊन यायचे. घरच्या बगिच्यातलं, चांगलं पोसलेलं. टेबलावर ठेवून सावकाश सोलायचे; वास शेवटच्या बाकापर्यंत जायचा. मग न बोलता काही फोडी खायचे. थांबायचे. रुमालाला हात पुसायचे. पुन्हा काही खायचे. तिसऱ्या खेपेला उरलेलं सगळं संपवायचे आणि आमच्याकडे पाहायचे. आम्ही तोंडाला पाणी सुटून बसलेलो. "पाहत बसले ना?" सर म्हणायचे. "कोणी उठून एक फोड तरी मागितली? ते बी असेच पाहत बसले." एका वर्षी एका मुलीनं खरंच उठून फोड मागितली. सरांनी उरलेलं सगळं संत्रं तिच्या हातात ठेवलं आणि तास तिथंच संपवला. ती माझ्या पुढच्या वर्षाची होती. आमच्या वर्षी असं धाडस करणारा कोणी नव्हता, आणि मी तर मागच्या बाकावर सालं गोळा करायच्या विचारात होतो.

माझी जागा त्यांनी तोंडी परीक्षेत ठरवली. मी अकोल्याच्या जुन्या शहरातला, मोर्णेच्या काठचा. अकोल्याहून भर उन्हात टाय बांधून परीक्षेला आलो होतो, कारण बाहेरचे परीक्षक येणार असं कोणीतरी सांगितलं होतं. सरांनी विचारलं, हे जोडराज्य बुडालं कशानं? मला घाम फुटला, टाय आवळला, आणि मी म्हणालो, "सर, त्यांच्यात आपसात प्रेम नव्हतं." बाहेरचे परीक्षक खिडकीबाहेर पाहू लागले. सर म्हणाले, "आपण लग्न मोडल्याबद्दल बोलून राहिलो का?" मग टायकडे पाहून म्हणाले, "त्या देशात असे सरदार होते की ज्यांच्या पायात जोडा नसे, स्वतःचं वावर स्वतः नांगरत. पण नांगरताना बी कमरेला तलवार लटकवत. लाकडाची का असेना. बसा, सरदार." त्या दिवसापासून मी सरदार. सरांचा राग फारच चढला तर "अकोलेकर". त्यांच्या तोंडी ही पदावनती होती.

पुढे मी अकोल्यातच एका कनिष्ठ महाविद्यालयात चिकटलो. तेव्हा वऱ्हाडात दोन इतिहास मंडळं होती, एक अमरावतीचं आणि एक अकोल्याचं. दोन्हीकडे सभेला माणसांपेक्षा खुर्च्या जास्त असत. दोन्ही एकत्र करावीत असं सगळ्यांनाच वाटत होतं आणि कोणालाच नको होतं. अमरावतीला आयुक्तालय आहे आणि आमच्याकडे ऊन. हे गाव आपल्याला गिळणार, असं अकोलेकरांचं म्हणणं. अकोल्याचे लोक नुसते वाद घालायला येतील, असं अमरावतीकरांचं म्हणणं. दोन्ही म्हणणी बरोबर होती. शेवटी दोघांना सारखंच गैरसोयीचं म्हणून मूर्तिजापूरला बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात बैठक झाली, आणि नियमावली लिहायचं काम माझ्याकडे आलं. अकोल्याचा स्वाभिमान राखायचा म्हणून मी जिवापाड मेहनत केली. दर तिसरी सभा अकोल्यात होईल. पुस्तकांची कपाटं दोन, किल्ल्या दोन. आणि मुख्य कलम: एकाही सभासदाचा नकार असेल तर कोणताही ठराव संमत होणार नाही. कारण सांगायची गरज नाही. नुसतं "मान्य नाही" पुरे.

सरांनी ते कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वाचले. "हे कुठून उतरवलं?"

"कुठूनच नाही सर. स्वतःच्या डोक्यातून."

"मंग तुह्या डोक्यात लिथुआनिया आहे बाबू." सरांनी कागद टेबलावर ठेवला. "दर तिसरी संसद लिथुआनियाकडच्या गावात भरायची, त्याईनं बी हेच मागून घेतलं होतं. तिजोऱ्या बी दोन. अन् एका माणसाचा नकार! अरे, एकानं उठून 'मला मान्य नाही' म्हटलं की अख्खी संसद मोडायची. शेजारचे राजे तेवढा एक माणूस फोडत अन् देश बंद पाडत. दोन वर्षं मी वर्गात काय केलं मंग? संत्री खाल्ली?"

मी म्हणालो, "सर, तिथे अडाणी सरदार होते. इथे सगळे इतिहासाचे शिक्षक आहेत."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि कागद माझ्याकडे सरकवले. गंमत अशी की ते कलम दोन्ही बाजूंना एकदम आवडलं. उत्तर लिहिताना याच नियमाला देशबुडवा म्हणणारे, विद्यार्थ्यांना त्यावर टिपा लिहायला लावणारे आम्ही इतिहासाचे मास्तर, आम्हीच तो डोक्यावर घेतला. कारण समोरच्यावर आमचा विश्वास नव्हता. सर्वानुमतीशिवाय काहीही मंजूर होणार नाही, हे सर्वानुमते मंजूर झालं. सरांनीही सही केली. "मी बी त्यातलाच," म्हणाले, आणि जाताना हॉटेलवाल्याला चहा फिका होता असं ऐकवून गेले.

सरांनी निवृत्तीनंतर आपल्या विषयावर मराठीत पुस्तक लिहिलं. मंडळ वर्षाला एक पुस्तक काढायचं, त्या वर्षी हे काढायचं ठरत होतं. संगणकावर उतरवायचं काम मी ओढवून घेतलं. "राजा निवडून आलेला होता हे वाचकाच्या लक्षात राहत नाही," असं सर एकदा म्हणाले, म्हणून मी हुशारी केली आणि संगणकाला सांगितलं की जिथे जिथे 'राजा' असेल तिथे 'निर्वाचित राजा' कर. संगणक सरांच्या वर्गात बसलेला नव्हता. त्यानं सांगितलं तेवढं केलं. सरांनी फोन केला, "महानिर्वाचित राजा कोण रे? अन् चित्रकारांना निर्वाचित राजाश्रय कोणी दिला?" ते निस्तरायला मला उन्हाळ्याची सुटी पुरली नाही. त्यामुळे पुस्तक छापून येईपर्यंत कोणाच्या हाती द्यायचं नाही, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

आमच्या अकोल्याकडून एक वकीलसाहेब मंडळात होते. वकिली संपली होती, हरकती शिल्लक होत्या. सभेत टाचणी पडली तरी ते ती कोणत्या नियमानं पडली असं विचारत. त्यांनी माझ्याकडे हस्तलिखित वाचायला मागितलं. मी म्हणालो, "साहेब, छापल्यावर वाचा ना, घाई काय आहे?" त्यांनी चष्मा डबीत ठेवला. अमरावतीच्या सभेत पुस्तकाचा ठराव आला. मी चिटणीस, वाचून दाखवला, खालच्या सहीसाठी पेनाचं टोपण काढलं, आणि वकीलसाहेब उभे राहिले.

"मले मान्य नाही."

एवढंच. छत्री उचलली आणि अकोल्याच्या बससाठी निघून गेले.

सभेत गलका झाला. मी सरांकडे पाहिलं. वाटलं, आता हा माणूस कोसळणार. सर दाराकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी नव्हे तो आनंद पाहिला. "अस्साच उठला असेल तो," ते म्हणाले. "अस्साच! नाही म्हणाला, अन् उठून गेला. सारी हयात पुस्तकात वाचला बाप्पा, आज जिवंत पाहिला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुह्या कृपेनं."

यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. सरांना उभ्या अमरावतीत फक्त त्यांचीच भीती होती. मी घरी गेलो तेव्हा सर आत झोपले होते. काकू संत्र्याची पेटी फोडत बसल्या होत्या. "भाऊ," त्या म्हणाल्या, "डॉक्टरनं सांगितलं, काचबिंदू आहे. गेलेलं परत येत नाही, अन् राहिलेलं बी राहीन असं नाही. मले त्या पोलंडचं काही घेणं नाही. सवतीसारखं घरात राहिलं ते. पण त्याईले आपलं एक पान छापलेलं दिसलं पाहिजेन. तू चिटणीस आहेस ना? मंग लाव काहीतरी जुगाड."

जुगाड मला सरांच्याच पुस्तकात सापडलं. त्या देशात एका माणसाच्या नकारातून वाट काढायची एक पळवाट होती. काही सरदारांनी एकत्र येऊन 'कॉन्फेडरेशन' उभं केलं, म्हणजे शपथ घेऊन गट बांधला, की त्या गटाच्या संसदेत बहुमत चालायचं. एकट्याचा नकार कोणी धरत नसे. मी खूश झालो. वकीलसाहेब सोडून सगळ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. नाव ठेवलं 'कॉन्फेडरेशन'. सगळ्यांनी अंगठे पाठवले. अकोल्याच्या लोकांना मी समजावलं की वकीलसाहेब असेच अडले तर अमरावतीकर आपली तिसरी सभाही काढून घेतील. झालं, गावातले लोक वकीलसाहेबांशी बोलेनासे झाले. कोणी चहाला बोलवेना, कोणी फोन उचलेना. इतिहासाचे मास्तर वाळीत टाकायच्या कामात किती तरबेज असतात ते मला त्या उन्हाळ्यात कळलं, आणि मी त्याला मुत्सद्देगिरी समजत होतो.

तिसरी सभा आमच्या जुन्या शहरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरली. मे महिना. दोन कूलर घरघरत होते आणि हवा आहे तिथेच फिरत होती. सर अमरावतीहून बसनं आले. पायरी दिसेना, म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवून वर चढले, वरून "जिना कोणी बांधला? अकोल्याचाच असन," हेही म्हणाले. वकीलसाहेब मागच्या खुर्चीवर एकटे बसले होते. शेजारची खुर्ची रिकामी, तिच्या शेजारचीही.

मी ठराव वाचला. "मान्य आहे?" वकीलसाहेब गप्प. मी पुन्हा विचारलं, "मान्य आहे ना?" ते कूलरकडे पाहत राहिले. तिसऱ्यांदा विचारलं. कोणी बोललं नाही. "कोणाचाही नकार नाही, तेव्हा ठराव संमत," असं म्हणून मी टाळ्या वाजवल्या. माझ्या एकट्याच्याच टाळ्या वाजल्या, कारण सर उभे राहिले होते.

"वकीलसाहेब," सर म्हणाले, "तुमी बोलले नाही."

"मी काय बोलू? मले कोण बोलू देऊन राहिलं?"

"मान्य आहे का तुमाले?"

वकीलसाहेब पुन्हा कूलरकडे पाहू लागले.

सर माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता. म्हणूनच मला भीती वाटली. "सरदार, शेवटचं प्रकरण तूच टायपलं ना? काय आहे त्यात? सांग सगळ्याईले."

मी सांगितलं. सांगता सांगता मला माझ्याच तोंडून ते पहिल्यांदा ऐकू आलं. त्या देशाची शेवटची संसद. बाहेर रशियाचे शिपाई. देशाचा आणखी एक लचका तोडून द्यायच्या तहाला होकार द्या, तोवर जागेवरून हलायचं नाही. सभासद काही बोललेच नाहीत, नुसते बसून राहिले. अध्यक्षानं विचारलं, उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं, उत्तर नाही. तेव्हा ते गप्प आहेत म्हणजे त्यांना मान्य आहे असं धरण्यात आलं.

"अन् ते बी तिकडच्याच गावात, लिथुआनियाकडच्या," सर म्हणाले. "त्या गोष्टीचं पुस्तक तू असं मंजूर करून राहिला? एकाले वाळीत टाकून, त्याची दातखीळ बसवून? त्यापेक्षा तो उठून नाही म्हणाला होता ते चांगलं होतं. तो नकार तरी त्याचा सोताचा होता. लिहून घे. लेखकाले मान्य नाही."

"सर, पण पुस्तक…"

"मले मान्य नाही म्हटलं ना. कारण सांगाची गरज नाही, तुहंच कलम आहे."

ठराव पडला. मी सरांना पोचवायला बसनं निघालो; बडनेऱ्यापर्यंत सर खिडकीला डोकं टेकून होते. मग म्हणाले, "मी शिकवलेल्यातलं जे विसरायचं होतं, नेमकं तेवढंच तू ध्यानात ठेवलं." घरी काकूंनी दारातच विचारलं, "झालं?" आणि माझा चेहरा पाहून समजल्या. "पुस्तक त्याईचं, नाही बी त्याईचीच," म्हणाल्या. "येड्या-बह्याडाचा बाजार आहे नुसता." आत गेल्या आणि भांडी जरा जास्तच आपटली. पाणी मागायची माझी हिंमत झाली नाही. त्या बाईंनी एकच गोष्ट मागितली होती, एक छापील पान, आणि मी ती त्यांच्या नवऱ्याच्याच हातून बंद करून आणली होती.

पुढच्या रविवारी वकीलसाहेब सरांच्या दारात उभे राहिले. हातात छत्री आणि जेवणाचा डबा. मी तिथेच होतो, माफी कोणत्या शब्दांत मागावी हे ठरवत. "मले पुस्तक वाचायचं आहे," ते म्हणाले. "मी कवाचा मागून राहिलो. हा प्राध्यापक म्हणते छापल्यावर वाचा. अरे, आधी होकार द्या अन् मंग वाचा, ही कोणती पद्धत? वाचल्याशिवाय मी वकालतनाम्यावर सही केली नाही कधी. म्हणून नाही म्हटलं."

"कारण सांगाची गरज नव्हती," सर म्हणाले.

"तुमी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

सरांनी व्हरांड्यातली खुर्ची चाचपून पुढे ओढली. मग म्हणाले, "वाचा. पण मोठ्यानं वाचा. मले आता अक्षर लागत नाही."

त्यानंतर दर रविवारी अकोल्याची पहिली बस धरून वकीलसाहेब अमरावतीला येत. व्हरांड्यात बसत आणि वाचत. मी टायपिंगच्या चुका दुरुस्त करायला शेजारी बसत असे, म्हणजे दोघांच्या शिव्या मिळून खात असे. एक पान वाचायला दहा पानांचं भांडण लागायचं. "इथं तुमी लिथुआनियावर अन्याय करून राहिले," वकीलसाहेब चष्मा कपाळावर ढकलून म्हणत. "आमाले काय हौस होती का तुमच्याशी जुळायची?"

"आमाले? तुमी कवापासून लिथुआनियन झाले?"

"नियमावली झाली तवापासून! विचारा या प्राध्यापकाले."

आतून काकू ओरडत, "हळू भांडा, शेजारी म्हणतीन वाटणी चालू आहे." सर तावातावानं उठत, भिंतीवर बोटांनी नकाशा काढत, नदी कुठे, हद्द कुठे ते दाखवत, आणि त्यांना भिंत दिसत नव्हती हे आम्ही दोघं एकमेकांना सांगत नव्हतो. निम्मं पुस्तक त्या व्हरांड्यात नव्यानं लिहिलं गेलं. लिथुआनियाला दोन प्रकरणं जास्त मिळाली. सर त्यांना "लाच" म्हणत.

पुढच्या सभेत वकीलसाहेब उभे राहिले आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "मान्य. पण फौजेवरचं प्रकरण फालतू आहे, तसं इतिवृत्तात घ्या." सर म्हणाले, "घ्या. मलेही ते फालतूच वाटते." पुस्तक छापायला गेलं.

ते छापून आलं तोवर उशीर झाला होता. मी पहिली प्रत घेऊन गेलो. सरांनी ती खिडकीशी नेली, डोळ्याला लागेपर्यंत जवळ धरली, तिरपी केली, सरळ केली. काकू पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. "दिसते का?" त्यांनी विचारलं.

"अकोलेकरानं टायपलं आहे," सर म्हणाले. "दिसत नाही तेच बरं आहे." मग बोटांनी पुस्तकाची जाडी चाचपत, काकूंकडे नव्हे, त्या जिथे उभ्या नव्हत्या त्या जागेकडे पाहून बोलले, "काहून रडतेस? लोकांची पुस्तकं कपाटात जातात. माहं पुस्तक एका माणसानं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत भांडून वाचलं. अन् तो बी अकोल्याचा. आणखी काय पाहिजे?"

यंदा सर गेले. शेंदूरजनाघाटला, भावाच्या घरी, झोपेत. काकूंनी फोनवर एवढंच सांगितलं, "गेले रे भाऊ. न भांडता गेले."

मंडळाची शोकसभा अमरावतीला झाली. चिटणीस अजून मीच आहे, माझ्या जागी दुसरा नेमायचा ठराव कधी सर्वानुमते होतच नाही. मी श्रद्धांजलीचा ठराव वाचला. त्यात रीतीप्रमाणे लिहिलं होतं की सर आता आपल्यात नाहीत आणि त्यांच्या जाण्यानं मंडळाची हानी झाली आहे. "आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू आणि ठराव संमत करू," असं मी म्हणालो. लोक उठायला लागले.

"हरकत आहे," मागून आवाज आला. वकीलसाहेब. "गप्प उभं राहून ठराव मंजूर? त्या माणसाच्या मंडळात? बसा खाली. मंजूर असंन त्यानं तोंडानं बोला, एकेकानं."

लोक बसले. अमरावतीच्या बाजूनं सुरुवात झाली. "मान्य." "मान्य." कोणी मोठ्यानं, कोणी खाकरून. एक बाई रडत म्हणाल्या तरी वकीलसाहेबांनी "नीट ऐकू आलं नाही" म्हणून परत बोलायला लावलं. अकोल्याची बाजू आली. वकीलसाहेब स्वतः उभे राहिले, छत्रीवर भार देऊन म्हणाले, "मान्य," आणि पटकन बसले. राहिलो मी.

मी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. पाणी प्यालो, पुन्हा उघडलं. समोर सगळे माझ्याकडे पाहत होते. वर्गात जन्मभर बडबडलेला माणूस मी, दोन मिनिटांच्या भाषणाचं चाळीस मिनिटांचं करणारा.

"प्राध्यापक," वकीलसाहेब हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या एकट्याच्या पायी अडलं आहे. मान्य आहे का?"

मी खाली पाहिलं.

त्यांनी थोडी वाट पाहिली. मग माझ्यासमोरचं इतिवृत्ताचं पान आपल्याकडे ओढून घेतलं, खिशातून पेन काढलं आणि लिहिलं की एका सभासदाची संमती न आल्यामुळे ठराव संमत झाला नाही, सभा तहकूब. कोणी हरकत घेतली नाही. त्याला महिने झाले. पोलंडसर गेले, हे आमच्या मंडळाला अजून मान्य नाही.